फेसवॉश हरभऱ्याएवढा, तोही दोनदाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत तेलकट चेहऱ्याची निगा कशी राखावी, यावर पाऊण पान मजकूर आला होता. छायाचित्र छान होतं. मजकुरात मात्र असं होतं, की चेहरा तेलकट वाटेल तेव्हा, म्हणजे दिवसातून पाच-सहा वेळा, फेसवॉशने धुवावा आणि आठवड्यातून तीनदा लिंबू-साखरेने चोळावा. खाली कुणाचं नाव नव्हतं, म्हणून हे पत्र आपल्यालाच लिहितो आहे. सोमवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं, तेवढ्यात दोन मुली त्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो घेऊन दारात उभ्या. "काका, हे लिहिलंय तसं करायला कोणता फेसवॉश घ्यावा? मोठीच बाटली द्या, पाच येळा म्हणल्यावर लवकर संपंल."

मी मोठी दिली नाही, लहानही दिली नाही. आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत पाठवणं दुकानदाराच्या किती जिवावर येतं, हे वेगळं सांगायला नको.

मी डॉक्टर नाही. डी. फार्मसी करून 1994 पासून लातुरात मेडिकल चालवतो. दुकान ट्यूशन एरियाच्या तोंडाशी आहे. 'लातूर पॅटर्न' साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे; पण त्या पॅटर्नला चेहरा असतो आणि त्या चेहऱ्यावर मुरूम असतात, हे आम्हा मेडिकलवाल्यांनाच जास्त दिसतं. उदगीर, अहमदपूर, मुखेड, गंगाखेड, कुठकुठली सोळा-सतरा वर्षांची पोरं-पोरी इथे खोल्या करून राहतात. मुरमांच्या ऐन वयातली इतकी तोंडं एका किलोमीटरच्या आत दुसरीकडे कुठे सापडतील, कोण जाणे. नीटची परीक्षा जवळ आली, की माझ्याकडे ॲसिडिटीच्या गोळ्या आणि फेसवॉश, दोन्हींचा खप वाढतो. त्यामुळे आपल्या पुरवणीने माझा धंदा वाढवलाच असता. तरी तक्रार करतो आहे.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. गंगाखेडकडचा एक मुलगा आला. नाकाच्या दोन्ही अंगांना कातडी सोलवटलेली, हनुवटीवर लाल चट्टे, आणि त्यातच मधूनमधून पिवळ्या तोंडाच्या पुटकुळ्या. खाज येते, आग होते, आणि तेल तर जातच नाही म्हणे. विचारलं, दिवसातून किती वेळा धुतोस?

"आठ-नऊ येळा तर होतंयच, काका."

"कामून रे एवढं?"

"झोप येती ना."

मला आधी कळेचना. मग उलगडा झाला. रात्री अकरा ते दोन हा गडी फिजिक्सला बसतो. डोळा लागला की उठून तोंड धुतो. आणि नुसत्या पाण्याने धुतलं तर तेल आणखी वर येतं, असं खोलीतल्या दुसऱ्याने सांगितलेलं, म्हणून दर वेळी फेसवॉश. वर मेसहून आल्यावर एकदा, क्लासहून आल्यावर एकदा. शंभर मिलीची बाटली बारा-तेरा दिवसांत खलास. म्हटलं, बाळा, झोप उडवायला गार पाणी पुरतं. फेसवॉशने झोप उडत नाही, कातडी उडते.

मग मी त्याला विचारलं, त्वचेत तैलग्रंथी असतात त्यांना काय म्हणतात? सिबॅशियस ग्लँड, त्यातून सीबम पाझरतं, अकरावीला आहे, त्याने घडाघडा सांगितलं. मग ते सीबम कशासाठी असतं? गडी गप्प. तेवढा प्रश्न एमसीक्यूत आला नसावा.

वयात येताना हार्मोन वाढतात, या ग्रंथी मोठ्या होतात, तेल जास्त सुटतं. केसाच्या मुळाशी जे छिद्र असतं त्याच्या आत मेलेल्या पेशी आणि तेल मिळून बूच बसतं, त्याच्यामागे जंतू वाढतात, सूज येते, झाला मुरूम. बूच आत आहे. बाहेरून कितीही घासलं तरी हात तिथे पोचत नाही. ब्लॅकहेडचं काळं टोक हासुद्धा मळ नव्हे. त्या बुचातलं रंगद्रव्य हवेशी संबंध येऊन काळं पडतं. मुरूम म्हणजे अस्वच्छता, हा समज पोरांच्या मनात इतका घट्ट बसलेला असतो, की आई-बापही फोनवर "तोंड धूत जा रे नीट" म्हणूनच रागावतात. बिचारा आधीच नऊ वेळा धूत असतो.

आता हे 'तोंड धुणं' बघा. आमच्या घरात तोंड धुणं म्हणजे सकाळचं दात घासणं. "तोंड धुतलंस का?" हा आईचा प्रश्न दातांबद्दल असायचा, चेहरा त्यात आपोआप यायचा. संध्याकाळी दिवेलागणीला बाहेरून आलं, की हातपाय-तोंड धुवायचं, शुभंकरोति म्हणायचं. म्हणजे हिशेब केला तर दोनच वेळा, आणि त्यातही साबण फक्त आंघोळीला. आठवड्यातून एखाद्या वेळी डाळीचं पीठ आणि साय, दिवाळीत उटणं. तेही वर्षातून चार दिवस. जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणत नाही; त्याच काळात गालावर फोड आला की आमच्याकडे चुना लावायचे, आणि एका पोराच्या गालावर त्याचा डाग आजही आहे. तो पोरगा म्हणजे मीच. पण किती वेळा, या एका बाबतीत जुन्या बायकांचा हिशेब चुकला नव्हता.

2006 साली अमेरिकेत मुरमं असलेल्या पुरुषांवर एक छोटी चाचणी झाली होती. सौम्य क्लिन्झरने कुणी दिवसातून एकदा, कुणी दोनदा, कुणी चारदा चेहरा धुवायचा, असं सहा आठवडे. दोनदा धुणाऱ्यांत थोडी सुधारणा दिसली, एकदाच धुणाऱ्यांचं थोडं बिघडलं, आणि चारदा धुणाऱ्यांच्या पदरात जादा काही पडलं नाही. चाचणी लहान होती, तिच्यावर फार मोठी इमारत बांधू नये; पण त्वचारोगतज्ज्ञ सांगतात तेही हेच, की दिवसातून दोनदा आणि खूप घाम आला तर आणखी एकदा.

कशाने धुवायचं, हा प्रश्न माझ्या काउंटरवर जास्त भांडणाचा आहे. त्यासाठी मी गल्ल्याशेजारी पीएच (म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप: सातच्या खाली आम्ल, वर अल्कली) मोजायच्या कागदी पट्ट्यांची डबी ठेवली आहे. पोरं विज्ञानाची, त्यांना तोंडी सांगून पटत नाही. आपल्या त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, साधारण पाचच्या आसपास. तिथे पातळ आम्ल थर असतो, तो त्वचेतला ओलावा राखतो आणि नको त्या जंतूंना रोखतो. साबण विरघळवून त्यात पट्टी बुडवली की ती हिरवीनिळी होते, नऊ-दहापर्यंत जाते. चंदनाचा साबण घ्या, कडुनिंबाचा घ्या, पारदर्शक ग्लिसरीनचा घ्या, वेष्टनावर बाळाचं चित्र असलेला घ्या. तेल आणि अल्कली मिळून झालेला खरा साबण असेल तर पट्टी त्याच रंगाची. बाळाच्या साबणाची पट्टी निळी झालेली बघून पोरींची तोंडं बघण्यासारखी होतात. एकदा एका भरपूर फेसाळणाऱ्या फेसवॉशचीही पट्टी तशीच झाली. बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचली, तर घटकांत वरतीच पोटॅशियम मायरिस्टेट. म्हणजे ट्यूबमध्ये घातलेला साबणच तो.

काही जाणती गिऱ्हाईकं 'टीएफएम किती?' असं विचारतात. चांगली सवय आहे. साबणात स्निग्धाम्लं किती टक्के, ते त्यावरून कळतं. पहिल्या प्रतीच्या टॉयलेट सोपमध्ये ते किमान 76 टक्के लागतं, आणि ज्यावर 'बेदिंग बार' लिहिलेलं असतं त्याला 40 सुद्धा चालतं. पण टीएफएम जास्त म्हणजे चेहऱ्याला सौम्य, असं नव्हे. चांगल्या प्रतीचा साबण हाही साबणच, त्याची पट्टी निळीच होणार. अंगाला लावा, काही बिघडत नाही. चेहऱ्याची कातडी पातळ, तिथे सिंडेट म्हणतात तसल्या बिनसाबणाच्या वड्या किंवा न फेसाळणारं साधं क्लिन्झर बरं. महागच पाहिजे असंही नाही.

आणि आमच्या लातूरचं एक वेगळंच आहे, ते पुण्या-मुंबईच्या पुरवणीत कधी येत नाही. इथल्या होस्टेलांत पाणी बोअरचं. सातशे-आठशे फुटांवरचं, जड, क्षारांनी भरलेलं. त्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबण भिडला की फेस होत नाही, पांढरा चिकट साका होतो. बादलीच्या कडेला जो थर बसतो तोच चेहऱ्यावरही बसतो. पोरांना वाटतं, फेस आला नाही म्हणजे निघालं नाही. आणखी साबण घासतात, आणखी साका. धुऊन झाल्यावर चेहरा ताणल्यासारखा, कचकच करणारा लागतो, त्यालाच ती 'क्लीन' म्हणतात. ताटली कचकच वाजली तर स्वच्छ झाली, गाल कचकच वाजला तर त्याचं तेल ओरबाडून निघालं, इतकं साधं आहे. बिनसाबणाचं क्लिन्झर जड पाण्यातही साका धरत नाही. म्हणून इथल्या पोरांना मी त्यातल्या त्यात स्वस्त असं ते देतो. आणि शेवटचा तांब्या पिण्याच्या जारमधला घे म्हणतो. त्याला मात्र होस्टेलचे मालक मला शिव्या देतात.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर 2016 चा उन्हाळा आठवतो. मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. एप्रिलात पहिली गाडी आली तेव्हा तीत पाच लाख लिटर होतं, आणि अख्खं गाव स्टेशनकडे बघत होतं. त्या तीन-चार महिन्यांत आमच्या घरी तोंड धुण्याला माणशी एक तांब्या, असा सौभाग्यवतींचा नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. गल्लीत सगळीकडे तेच. त्या उन्हाळ्यात मुरमांची गिऱ्हाईकं वाढली होती का, तर मला तसं काही दिसलं नाही. उलट 'चेहऱ्याची आग होते' म्हणून येणारे कमी झाले. हा काही शास्त्रीय पुरावा नाही, गल्ल्यावरच्या माणसाची आठवण आहे.

लिंबू-साखरेबद्दल मात्र मी रागानेच लिहिणार आहे. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास. वर साखरेचे कंगोरेदार कण. ते सुजलेल्या मुरमांवर आठवड्यातून तीनदा चोळायचे? त्यात लिंबाचा रस लावून उन्हात गेलं, तर कातडी भाजल्यासारखी होते आणि तिथे काळे डाग महिनोन्महिने राहतात. आमचं ऊन मे महिन्यात बेचाळीसचं. मोबाइलवर बघून खाण्याचा सोडा लावणारी, मुरमावर टूथपेस्ट लावून झोपणारी पोरं माझ्याकडे येतात. त्यांना मी काय म्हणू, मोबाइलवरचं सगळं खरं नसतं म्हणू? तर ती आता म्हणतात, पेपरात पण आलंय की.

आता माझीही एक गोष्ट सांगतो, नाहीतर हे पत्र म्हणजे दुसऱ्याला शहाणपण शिकवणं होईल. बारा-तेरा वर्षांपूर्वी एक ट्यूब फार खपायची. त्यात स्टिरॉइड, रंग उजळवणारं एक औषध आणि मुरमांवरचं एक, असं तिन्ही एकत्र असायचं. ती खरी काही आठवड्यांसाठी, डॉक्टरच्या देखरेखीखाली, वांगाच्या डागांवर लावायची. लोक 'गोरं व्हायची ट्यूब' म्हणून मागायचे. मी चिठ्ठी न मागता देत होतो. सगळेच देतात, आपण नाही दिली तर समोरचा देईल, हे दुकानदाराचं ठरलेलं उत्तर मीही स्वतःला देत होतो. माझ्या चुलतभावाच्या मुलीने ती माझ्याच दुकानातून नेली. तिचं लग्न ठरत होतं. पहिला महिना चेहरा आरशासारखा. मग ती लावल्याशिवाय चेहरा जळायला लागला, म्हणून ती लावतच राहिली. दीड वर्षाने कातडी पातळ, लाल, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागलेल्या, गालावर लव, आणि कधी नव्हते ते मुरूम. चुलीसमोर उभं राहवेना. त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं, ही कुठून घेतली? ती म्हणाली, घरातलंच मेडिकल आहे. मी शेजारीच बसलो होतो. ते वाक्य मला अजून ऐकू येतं. ती ट्यूब सुटायला आणि आग थांबायला जवळजवळ एक वर्ष गेलं.

पुढे 2018 मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. त्याच्या आधीच मी ती ट्यूब देणं बंद केलं होतं. त्यात फुशारकी नाही, तोवर घरात घडायचं ते घडून गेलं होतं. आजही कुणी 'दिवसातून चार वेळा फेसवॉश करतो तरी जात नाही' म्हणाला, की मी आधी विचारतो, वर काय लावतोस? दहातल्या दोघा-तिघांच्या खिशातून तसलीच ट्यूब निघते. मैत्रिणीने दिलेली, पार्लरमधून आलेली, नाहीतर दादाच्या गजकर्णासाठी आणलेली. तिथे चेहरा किती वेळा धुवायचा, हा प्रश्नच उरत नाही. आधी त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं. ट्यूबही एकदम फेकायची नाही, डॉक्टर सांगतील तशी सोडायची.

बाकीच्यांना मी काउंटरवर जे सांगतो ते एवढंच. सकाळी एकदा, रात्री झोपताना एकदा. फेसवॉश हरभऱ्याच्या दाण्याएवढा, त्याहून जास्त नाही. हात आधी धुवायचे, मग बोटांनी हलकंच, अर्धा-पाऊण मिनिट; काथ्या नाही, ब्रश नाही, अक्रोडाच्या सालीचा स्क्रब नाही. कढत पाणी नको. क्लासहून घामाघूम आलात तर नुसतं पाणी. टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. आणि तो टॉवेल खोलीतल्या चौघांचा एकच असेल तर आधी स्वतःचा घ्या, उशीचं अभ्रंही आठवड्याला धुवा. चेहरा ओलसर असतानाच साधं मॉइश्चरायझर, तेलकट चेहऱ्यालाही. हे शेवटचं कुणालाच पटत नाही. "तेलावर अजून तेल?" असं विचारतात. या पोरांच्या आजोबांच्या वयाची माणसं आली, हिवाळ्यात गाल उलायला लागलेली, तर त्यांना सकाळी नुसतं पाणी आणि रात्री एकदाच काहीतरी, तेही मन असेल तर.

मुरमं जास्त असली तर अडीच टक्क्यांचं बेन्झॉइल पेरॉक्साइड हे मुरमांवर लावायचं औषध मिळतं, पण ते लावून निळ्या अभ्र्यावर झोपलात तर अभ्र्यावर पांढरे ढग उमटतात. एका होस्टेलच्या धोब्याने मला त्यावरून खूप ऐकवलं आहे. आणि कोणतंही औषध सहा-आठ आठवड्यांच्या आत दिसत नाही. हे सोळा वर्षांच्या मुलीला, जिच्या कॉलेजचं गॅदरिंग शनिवारी आहे, कसं सांगायचं ते मला अजून जमलेलं नाही. गाठी होत असतील, खड्डे पडत असतील, तर माझ्याकडे वेळ घालवू नका, डॉक्टरकडे जा, असं मी तोंडावर सांगतो.

तो गंगाखेडचा मुलगा महिन्याने परत आला. नऊवरून दोनवर आला होता. सोलवटणं थांबलं होतं, पुटकुळ्या होत्या पण लाली उतरली होती. आणि रात्री झोप येते तेव्हा? म्हणाला, "नुसतं पाणी मारतो, काका. नाहीच जमलं तर झोपतो." म्हटलं, हे दुसरं औषध पहिल्यापेक्षा बरं.

तर संपादक महाशय, एक विनंती. येत्या रविवारी त्याच पुरवणीत, शक्यतो त्याच पानावर, चार ओळींची चौकट द्या: दिवसातून पाच-सहा वेळा हे चुकून छापलं गेलं, दोनदा पुरे, आणि लिंबू-साखर चेहऱ्यावर घासू नये. ती त्वचारोगतज्ज्ञाकडून तपासून घेतलीत तर उत्तमच. त्या दिवशी मी आपल्या एजंटाकडून नेहमीच्या एका प्रतीऐवजी पंचवीस घेईन. एक काउंटरच्या काचेखाली लावीन, बाकीच्या होस्टेलांच्या नोटीस बोर्डांवर. आणि सोमवारी आलेल्या त्या दोघी परत आल्या, तर त्यांना मोबाइलमधला जुना फोटो पुसायला लावून नव्या चौकटीचा काढायला सांगीन.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक औषध दुकानदार, लातूर

(नाव-पत्ता कार्यालयाकडे दिला आहे, छापू नये. चुलतभावाची मुलगी आपलाच पेपर वाचते. तिला विचारूनच तिची गोष्ट लिहिली आहे.)